चंदाने मला खाली ठेवलं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्या हळू आणि जराशा उदास आवाजात बोलतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला ते जमणार नाही. मी गोळाफेकीचा लोखंडी गोळा आहे. वजन चार किलो. एकेकाळी सगळा काळा होतो, आता अर्धा काळा आणि अर्धा गंजका आहे. माझं बरंचसं आयुष्य सिल्वासातल्या एका शाळेत गेलं. तिथे जे पाहिलं ते सांगतो. ऐकताना तुम्हालाही राग आला तर येऊ द्या.

माझा जन्म जालंधरच्या एका लहान कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला लेथवर चढवलं आणि गोल गोल फिरवून तासलं. वजन थोडं कमी भरलं, म्हणून पोटात एक भोक पाडून शिसं भरलं आणि वरून बूच बसवलं. मग काळा रंग. पेटीतून प्रवास करत मी वापीला उतरलो आणि तिथून सिल्वासाला आलो. शाळेच्या खेळाच्या शिक्षिका नलिनीबाई स्वतः मला दुकानातून निवडून घेऊन आल्या होत्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. नोकरीसाठी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी मला दोन्ही हातांत घेऊन बुचावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "चांगला आहे. हाताला लागणार नाही."

ते दिवस चांगले होते. शाळा सुटली की बाई मैदानावर चुन्याने वर्तुळ आखायच्या. मुलं ओळीने उभी राहायची. कोणी मला पायावर पाडून घ्यायचं, कोणी चेंडूसारखं फेकायला जायचं. बाई ओरडायच्या नाहीत. पुन्हा दाखवायच्या. संध्याकाळी ओल्या फडक्याने माझी माती पुसायच्या आणि तेलाचं बोट लावून मला फळीवर ठेवायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या. खेळाच्या खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर काही वर्षं मी कशासाठी वापरला गेलो ते ऐका. वारा सुटला की आदळणारं दार अडवायला. स्नेहसंमेलनात मांडवाचा पडदा दाबून धरायला. एकदा तर पूजेचे नारळ फोडायला. जालंधरला ज्याने मला ग्रॅम ग्रॅम तोलून बनवलं, त्याने हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? अंगावर गंज चढला. फळीवरून कुणीतरी ढकललं तेव्हा बुचाजवळ एक कपची उडाली. पण मित्रांनो, माझा राग त्याचा नाही. दार अडवल्याने लोखंड मरत नाही. राग पुढचा आहे.

एका जूनमध्ये शाळेत प्रभाकर सर आले. मुंबईचे, उंच, चालताना पावलं ताडताड टाकणारे. त्यांनी खोली उघडली, जाळी झाडली, मला बाहेर काढलं. अकरावीच्या वर्गातून त्यांनी चंदाला निवडलं. चंदा राखोलीला राहायची. तिचे आईवडील शिंदखेड्याकडून कामासाठी इथे आले होते. वडील सुकदेव एका प्लास्टिकच्या कारखान्यात आणि आई केसरबाई यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या कारखान्यात, मशीनवरून उतरलेली रिकामी बॉबिनं गोळा करायच्या कामावर. चंदा रुंद खांद्यांची होती आणि वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसायची. पण तिने मला पहिल्यांदा मानेशी टेकवलं तेव्हा मला कळलं, या हाताला माझं वजन आवडलंय. वस्तूंना हे कळतं.

पहिले काही महिने सर चांगले वागले, हे सांगायलाच हवं. ते रोज सकाळी शाळेआधी यायचे. चंदा पहिल्या शेअर रिक्षाने यायची. पाय कुठे, कंबर कशी वळवायची, कोपर किती वर, सगळं त्यांनी शिकवलं. चंदा न कंटाळता करायची. मी रोज थोडा पुढे पडत होतो. पावसात मैदान चिखलाचं झालं तेव्हा दोघांनी व्हरांड्यात नुसती पावलांची तालीम केली. गणपती गेले, नवरात्र आलं, दांडियाच्या रात्री मैत्रिणी जागल्या तरी चंदा सकाळी हजर.

मग सिल्वासालाच जिल्ह्याची स्पर्धा झाली. एवढी माणसं चंदाने आधी पाहिली नव्हती. तिचा हात गार पडला. पहिली फेक माझ्या रोजच्या जागेच्या कितीतरी अलीकडे पडली. दुसरीही तशीच. सर दोरीपाशी उभे होते. त्यांचा तोल गेला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कशाला आलीस इथे? म्हशीसारखी उभी आहेस नुसती. जा, आईबरोबर बॉबिन गोळा कर."

चंदाचे कान लाल झाले. तिने मला उचललं तेव्हा तिची बोटं माझ्यात रुतली. आणि फेकलं. मी असा उडालो की मलाच नवल वाटलं. फेक मोजायला पुढे उभा असलेला पंच दोन पावलं मागे सरकला. टाळ्या पडल्या. चंदा पहिली आली.

मित्रांनो, सगळं बिघडलं ते या टाळ्यांमुळे.

सरांना वाटलं, किल्ली सापडली. त्या दिवसापासून ते सगळ्यांना सांगू लागले, "ही पोर चिडली की फेकते. हिला चिडवावं लागतं." चंदा सकाळी आली की ते घड्याळात बघत म्हणायचे, "दहा बारा फेकी, बास. पावलं बिवलं झाली आता. तुझं इंजिन वेगळं आहे." आणि प्रत्येक फेकीआधी तेच वाक्य. जा, आईबरोबर बॉबिन गोळा कर. 'गोळा', माझंच नाव त्या वाक्यात. दररोज ऐकून मला स्वतःच्या नावाचा वीट आला. कधी तिच्या अंगावरून बोलायचे, कधी "पोट भरायला आलेले लोक तुम्ही, पदक काय आणणार" म्हणायचे. बाकीची मुलं हसायची. काही हसायची नाहीत, पण गप्प राहायची.

एकदा चंदाने धीर करून विचारलं, "सर, न बोलता नाही का होणार?"

सर म्हणाले, "माझ्या सरांनी मला पट्ट्याने मारलं, तेव्हा मी धावलो. मी तर नुसतं बोलतोय. नशीब समज."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच मला जास्त राग येतो. ज्याने स्वतः पट्टा खाल्ला, त्याला तो कसा लागतो हे माहीत होतं.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की काहीतरी चुकतंय. चंदा आता मला मानेशी धरायची ते कसं, तर आवळून. खांदा दगडासारखा. पाय घाईत. कधी मी हातातून लवकर सुटायचो आणि डावीकडे भरकटायचो. कधी तिचा तोल जाऊन पाऊल पुढच्या लाकडी पट्टीवर पडायचं, म्हणजे फेक बाद. तशी ती बाद झाली की सर आणखी बोलायचे. ते बोलले की ती आणखी आवळायची. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, अरे, तिचे पाय बघा.

दमणला निवड स्पर्धा होती. तिथून दोन मुली राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या संघात जाणार होत्या. चंदाला तिन्ही फेकींआधी सरांनी डिवचलं. तिन्ही बाद. पहिल्यांदा पाऊल पट्टीवर. दुसऱ्यांदा मी पडलो तो आखलेल्या रेषेच्या बाहेर. तिसऱ्यांदा ती वर्तुळातून पुढे पडली आणि गुडघे सोलून घेतले. पंचाने लाल झेंडा दाखवला. सरांनी तिला हात देऊन उठवलंसुद्धा नाही. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसून कुणाला तरी फोनवर सांगत होते, "मानसिक ताकदच नाही हिच्यात."

मी चंदाच्या बॅगेत होतो. शाळेशी बस थांबली, सगळे उतरले, पण तिने मला खोलीत परत ठेवलं नाही. सरांनी विचारलंही नाही. खोलीत गोळे किती आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं.

राखोलीचा पूल आला तेव्हा तिने रिक्षा थांबवली आणि उतरली. खाली दमणगंगा. संध्याकाळची वेळ होती, कारखान्यांच्या शिफ्ट सुटत होत्या. चंदाने मला बॅगेतून काढून कठड्यावर ठेवलं. तिचा तळवा माझ्यावर होता. मी घाबरलो का? नाही. मला वाईट एवढ्याचंच वाटलं की या हाताने मला फेकायचंच असेल तर असं फेकू नये.

पुलावरून बायकांचा एक घोळका येत होता, कामावरून सुटलेला. त्यात केसरबाई होत्या. केसांना धाग्यांचे पांढरे तंतू चिकटलेले. त्यांनी लेकीला पाहिलं आणि बाकीच्या बायकांना पुढे व्हा म्हटलं.

"काय व्हयनं?" त्यांनी गावाकडच्या बोलीत विचारलं.

चंदाने खाली नदीकडे पाहिलं.

"पडनी का? गुडघा फुटना तुना."

"माय, मला हे नाही करायचं," चंदा म्हणाली. "मी हा नदीत टाकते."

"टाक. पण आधी सांग, कोण बोलनं तुले?"

मग चंदाने सगळं सांगितलं. इतके महिने घरी एक शब्द बोलली नव्हती. म्हैस सांगितलं, पोट भरायला आलेले सांगितलं. बॉबिनचं वाक्य सांगताना ती अडखळली आणि आईकडे न बघता बोलली.

केसरबाईंनी केसांतला एक तंतू ओढून काढला. मग म्हणाल्या, "मी बॉबिन गोळा करसच ना रोज. मग त्यात शिवी कोणती शे?"

चंदाने मान वर केली.

"माले सांग. मी चोरी करस का? माझ्या कामाचं नाव घेतलं आणि तुला शिवी लागली? मला नाही लागत." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर ताठ झाली होती. "लागतं ते दुसरं. तू एवढे कष्ट करतेस आणि तो मास्तर चार लोकांत तुझं तोंड उतरवतो, ते लागतं. उद्या मी शाळेत येते."

त्यांनी मला कठड्यावरून उचललं. पहिल्यांदाच. "बाई गं, केवढा जड," एवढंच म्हणाल्या आणि मला पदरात गुंडाळून घरापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी केसरबाईंनी खाडा केला आणि शाळेत गेल्या. चंदाची बॅग मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं. प्रभाकर सर अतिशय गोड बोलले. "बाई, याला मोटिव्हेशन म्हणतात. मुलीच्या भल्यासाठीच आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"बैलाला आर टोचतात तसं टोचता तुम्ही तिला," केसरबाई म्हणाल्या. "ते मला कळतं. मी शेतात वाढलेय."

"मग दुसरा कोच शोधा," सर म्हणाले आणि उठून गेले.

मुख्याध्यापक पेन फिरवत बसले होते. सरांसमोर ते काही बोलले नाहीत. केसरबाई निघाल्यावर मात्र ते मागून व्हरांड्यात आले, इकडे तिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टोकरखाड्याला नलिनीबाई राहतात. पूर्वी इथे होत्या. त्यांना भेटा." चांगला सल्ला होता, मान्य. पण तो खुर्चीत बसून, मोठ्या आवाजात, सरांच्या देखत का दिला नाही? मला आजही याचं उत्तर मिळालेलं नाही.

टोकरखाड्याच्या वसाहतीत तळमजल्यावर नलिनीबाईंचं घर होतं. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते. चंदाने मला टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा लावला, बुचावरून अंगठा फिरवला आणि कपची उडालेल्या जागी थांबल्या. "हे कुणी केलं?" त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. मित्रांनो, तेवढा वेळ माझा राग गेला होता. हे मी कबूल करतो.

वसाहतीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. बाई तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी चंदाला विचारलं, "राग आला की तुझं काय काय आवळतं? नीट आठवून सांग."

चंदाने डोळे मिटले. "दात. मग खांदा. मग बोटं."

"आणि पाय?"

"पायांचं... माहीत नाही."

"तेच," बाई म्हणाल्या. "गोळा पायांनी फेकतात गं. हात शेवटी येतो. आणि रागात तुला पायच आठवत नाहीत."

"पण बाई, त्या दिवशी रागातच लांब गेला होता. सगळ्यांनी पाहिलं."

"गेला ना. पण त्याआधी चार महिने तू रोज सकाळी काय करत होतीस? पावलं. व्हरांड्यात, पावसात, सगळीकडे. राग आला तो त्याच्यावर आला. खाली सराव होता म्हणून त्याने तुला धक्का दिला. नंतर तुम्ही सराव काढून घेतला आणि नुसता राग ठेवला."

चंदाने आपल्या पायांकडे पाहिलं. मला वाटतं, तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती फेक तिची होती. सरांच्या जिभेची नव्हती.

पुढचे कित्येक दिवस बाईंनी मला पिशवीतून बाहेरच काढू दिलं नाही. याचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी तेल लावून तयार आणि ती पोरगी रिकाम्या हातांनी मागे सरकतेय, वळतेय, पुन्हा मागे सरकतेय. वसाहतीतली मुलं बघून हसायची. एकाने विचारलं, "दीदी, गरबा करती हो क्या?" चंदाही हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

सगळे दिवस सारखे नव्हते. एकदा गणिताच्या पेपरात चांगले गुण पडले म्हणून ती उड्या मारत आली आणि त्या दिवशी पावलं सगळ्यांत वाईट पडली. आनंदातही घाई होते, बाई म्हणाल्या. एकदा वडिलांचं काम काही दिवस बंद होतं, तेव्हा ती आली आणि खुर्चीशेजारी बसून रडली. बाईंनी समजूत काढली नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला. रडून झाल्यावर म्हणाल्या, "आता दमलेल्या पायांनी करून बघ. स्पर्धेच्या दिवशी पाय कसे असतील ते आपल्याला विचारून ठरत नाही." तिने केलं. बरं झालं.

मग एक दिवस बाईंनी सांगितलं, "ते वाक्य तूच म्हण. मोठ्याने."

चंदा पांढरी पडली. "नाही, बाई."

"मी म्हणणार नाही. कधीच नाही. पण ते तुझ्या डोक्यात आहे आणि तिथे ते मोठं होतंय. बाहेर काढ आणि मग पाऊल टाक."

चंदाने मला मानेशी धरलं. "जा, आईबरोबर बॉबिन गोळा कर," ती पुटपुटली आणि तिचा खांदा लगेच दगड झाला. मी तिच्या पुढ्यातच धपकन पडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती ते वाक्य रडत ओरडली. कितीतरी दिवसांनी ती ते वाक्य अशी म्हणाली की जणू कुणी रिक्षावाला "नरोली, नरोली" म्हणतोय. म्हणाली, थांबली, आणि म्हणाली, "बाई, खांदा आवळतोय. मला कळलं."

"मग?"

"मग सोडते." तिने श्वास सोडला, खांदा खाली आला आणि पाय निघाले. मी कुंपणापाशी जाऊन पडलो.

बाई खुर्चीतून उठल्या. गुडघे धरून, पण उठल्या.

पुढच्या वर्षी निवड स्पर्धा सिल्वासालाच होती. चंदाचं नाव शाळेकडूनच जाणार होतं. तिथे मुख्याध्यापकांनी निदान सही तरी केली. पंचांनी माझं वजन केलं, मी बरोबर भरलो. नलिनीबाई आणि केसरबाई प्रेक्षकांत शेजारी शेजारी बसल्या होत्या. प्रभाकर सर शाळेच्या लांब उडीच्या मुलांबरोबर आले होते. मला वाटलं, ते तिकडेच राहतील.

पहिली फेक साधी झाली. बाद नाही, पण साधी. दुसऱ्या फेकीसाठी चंदा वर्तुळात आली, मला मानेशी टेकवलं, आणि मी पाहिलं, सर दोरीच्या आत, अगदी जवळ येऊन उभे आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मदत करायला आल्यासारखं हसू.

"काय गं," ते म्हणाले. "अजून इथेच? जा, आईबरोबर बॉबिन गोळा कर."

माझ्याभोवतीची बोटं आवळली. खांदा दगड झाला. इतक्या महिन्यांचा सराव आणि तरी तो झाला. मित्रांनो, असं कुणी बोललं की लागतंच. सरावाने माणसाची कातडी लोखंडाची होत नाही. लोखंडाचा मी आहे, ती नाही.

पण तिला ते कळलं. वर्षापूर्वी कळलं नसतं. ती थांबली. तिने मला मानेवरून खाली घेतलं, वाकली आणि वर्तुळाच्या आत जमिनीवर ठेवलं. मग मागच्या बाजूने चालत बाहेर आली. पंचबाईंच्या हातात घड्याळ चालू होतं. फेकायला मिळतो तेवढा वेळ सरत होता.

"मॅडम," चंदा म्हणाली, "ये सर मुझे गंदा बोलते हैं। इनको बाहर भेजिए। फिर मैं फेंकूँगी।"

सर हसले. "अरे, मैं इसका कोच हूँ।"

"मेरी कोच वहाँ बैठी हैं," चंदा म्हणाली आणि नलिनीबाईंकडे हात केला.

पंचबाईंनी घड्याळ थांबवलं. "साहेब, दोरीनी बहार जाओ," त्या गुजरातीत म्हणाल्या. सर तरीही उभे. तेव्हा त्या दोन पावलं पुढे आल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या, यावेळी हसू न ठेवता. सगळं मैदान बघत होतं. सर गेले. पावलं ताडताड वाजत नव्हती.

चंदा परत आत आली. मला उचललं. तिला राग होता, मला तिच्या नाडीतून जाणवत होता, जबड्याखाली धडधडत होता. पण खांदा मऊ होता आणि पाय जिथे पाहिजे तिथे होते. ती मागे सरकली, वळली, आणि हात सगळ्यांत शेवटी आला. मी निघालो. ती आतच उभी होती, तोल सांभाळून, मी पडेपर्यंत माझ्याकडे बघत. पांढरा झेंडा. तिसरी फेक त्याच्याही पुढे.

एक गोष्ट लपवत नाही. मागच्या वर्षीची ती रागातली फेक यापेक्षा वीतभर लांब होती. चंदा पहिली आली नाही, दुसरी आली. पण तिन्ही फेकी धरल्या गेल्या, आणि संघात दोघींची निवड होणार होती. केसरबाईंनी नलिनीबाईंचा हात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित तुमच्याशी शांतपणे बोललो असतो. पण सोमवारी शाळेत परिपाठाच्या वेळी सत्कार झाला. मला झेंडूचा हार घालून टेबलावर ठेवलं होतं. हार, मला. आणि माईक कुणी घेतला? प्रभाकर सरांनी. ते म्हणाले, "काही मुलांना गोड बोलून चालत नाही. मी त्या दिवशीही चंदाला मुद्दाम डिवचलं. म्हणून ती पेटून उठली आणि तिने गोळा फेकला. गुरूला कधी कधी कठोर व्हावं लागतं." टाळ्या पडल्या. पुन्हा टाळ्या. हाराखाली माझं लोखंड तापलं असेल.

मग मुख्याध्यापकांनी चंदाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती मागच्या बाकावरची मुलगी. तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"सर बोलले तेव्हा मी गोळा खाली ठेवला होता," ती म्हणाली. "ते गेल्यावर उचलला."

एवढंच बोलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. मुख्याध्यापक सरांकडे बघत होते, आणि या वेळी त्यांनी नजर खाली केली नाही.

प्रभाकर सर अजून शाळेत आहेत. तुम्हाला वाटलं असेल, त्यांना काढलं. नाही काढलं. पण परवा, मी मैदानाच्या कडेला ठेवलेला असताना, लांब उडीच्या हौद्यापाशी ते नववीतल्या रोशनीला काहीतरी बोलले. रोशनी उडी मारायला निघाली होती. ती थांबली, हौद्याच्या कडेला बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. मग तिसरी. सर घड्याळात बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. या. पावलं बघू तुमची." त्यांचा आवाज साधा होता. तसा आवाज त्यांच्याकडे होता तर.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू सांगतात, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. मला पुसलं नाहीत तरी चालेल. दाराला लावा, नारळ फोडा. मला सांगायचं ते वेगळं आहे. रोज मैदानावर जा. पावलं करा, कंटाळा आला तरी करा. राग येईल, भीती वाटेल, रडू येईल, ते सगळं घेऊन करा. पण तुम्हाला चांगलं खेळता यावं म्हणून कुणी तुमचा अपमान करत असेल, तर हातात जे असेल ते खाली ठेवा आणि मागच्या बाजूने बाहेर या. फेक बाद होत नाही. नियमात तशी परवानगी आहे.